रात्रीच्या आभाळातले दिवे : खेड्यातल्यांनाच काहून शिकवता?

धुऱ्यावरचा :
परवा आभाळातून दिव्यांची माळ सरकत गेली. त्यावर नागपूरकरांनी लिहिलं, "स्टारलिंकचे इंटरनेटवाले उपग्रह आहेत ते, पण खेड्यातल्यांना त्यात भूतच दिसणार." दोन दिवस गप्प बसलो, आता लिहितोच. मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यातला आहो. २ एप्रिल २०२२, गुढीपाडवा, संध्याकाळी पावणेआठचा सुमार. जळते गोळे शेपट्या घेऊन डोक्यावरून गेले. लाडबोरीत जवळपास तीन मीटर रुंदीची धातूची रिंग पडली. आमच्या आळीत भूत हा शब्द कोणाच्या तोंडी आला नाही. विमान जळालं, आत माणसं असतील, म्हणत पोरं मोटारसायकली काढून निघाली. आई ताट तसंच ठेवून अंगणात हात जोडून उभी होती, त्या माणसांसाठी.

नागपूरकर :
सरसकट बोललो नाही मी. पण माझ्या मामाच्या गावी अजून "चकवा लागला" म्हणतात. नाल्याकाठी दिवा दिसतो अन् माणूस रात्रभर वावरातच फिरत राहतो म्हणे. शुक्र असतो तो, शुक्र!

बारा_ते_आठ :
रात्री बारा वाजता शुक्र? कधी पाह्यला का तुम्ही? तो सांजेले नाहीतर पहाटेच दिसते, सूर्याले सोडून लांब जातच नाही. हे आमाले पुस्तकानं नाही, ओलितानं शिकवलं. लाईन रात्रीची, म्हणून थंडीत हरभऱ्याले पाणी द्यायले मध्यरात्री जातो. किती वाजले ते तिकांडं, म्हणजे मृगातले ओळीतले तीन तारे, पाहून समजते. मागच्या साली धुऱ्यावर दोन डोळे चमकले. वाघ होता. माहे पाय गाळात, मोटर सुरू, हाती टॉर्च. दिवसा लाईन द्या म्हणून अर्ज करून थकलो. त्यावर कोणी धागा काढत नाही.

नागपूरकर :
विषय दिव्यांचा आहे. विजेचं इथं काय?

बारा_ते_आठ :
विजेचंच आहे! रात्री आभाळाखाली आमाले कोणं उभं केलं?

मास्तर :
अहो, पाडव्याचे गोळे आणि परवाची माळ वेगवेगळी. पाडव्याला पडला तो बहुधा चीनच्या 'लाँग मार्च ३बी' रॉकेटचा तिसरा टप्पा, फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेला. जोनाथन मॅकडॉवेल या खगोलशास्त्रज्ञांनी तसं सांगितलं. उल्का बहुतेक वेळा क्षणात विझते. हा कचरा उल्केपेक्षा हळू, सेकंदाला सात-आठ किलोमीटरनं येतो, म्हणून सावकाश जळत जाताना दिसतो. परवाचे उपग्रह शेकडो किलोमीटर वर असतात. आपल्याकडे अंधार, तिथं अजून ऊन. पृथ्वीच्या सावलीत शिरले की मधेच विझतात. माझे विद्यार्थी तेवढ्यानंच घाबरले होते. पालक म्हणाले, अमावास्या जवळ आहे, पोरांना संध्याकाळी बाहेर सोडू नका. नागपूरकरांचं अगदीच खोटं नाही.

धुऱ्यावरचा :
मास्तर, तुम्ही सांगितलं तसं सांगा ना! आम्ही ऐकत नाही का? भूत-भूत म्हणून हिणवलं की कोण ऐकून घेईल?

नागपूरकर :
बरं, शुक्राचं चुकलं. सूर्यापासून ४८ अंशांपलीकडे जात नाही, आत्ता वाचलं. चकव्याचं मात्र मागं घेणार नाही.

बारा_ते_आठ :
नका घेऊ. माहा आजाही मानत होता. नाल्याकाठचा दिवा त्यानं दोनदा पाह्यला, तो काय होता मले आजही सांगता येत नाही. आज बाराले लाईन आहे. या वावरात, संगं बसून पाहू. टॉर्च आणजा, माह्या टॉर्चची बॅटरी उतरली आहे.