शुगरच्या पायाच्या जखमेवर नवीन जेलची ट्रायल, अण्णांना घालावं का?

गोदाकाठचा
नमस्कार मंडळी, जरा घाईत सल्ला पाहिजे. आमच्या अण्णांना बऱ्याच वर्षांपासून शुगर, गाव परभणीकडं. उजव्या अंगठ्याखाली जखम झालीय, तुरीचं धसकट घुसलं तर त्यांना कळलंच नाही, चपलेत रक्त दिसलं तेव्हा कळलं. पाऊसकाळ गेला, थंडी आली तरी भरून येईना. एक दिवसाआड ड्रेसिंग चालू आहे, शुगर बऱ्यापैकी कंट्रोलमधी आहे. आता संभाजीनगरच्या डॉक्टरांनी विचारलंय की नवीन जेलची ट्रायल चालू आहे, घेता का. चुलते म्हणायलेत आपल्या माणसावर प्रयोग करू द्यायचा नाही, आई म्हणायली औषध फुकट मिळायलं तर घ्यावं. मला दोघांचंही पटायलंय. कुणाच्या घरात असं कोणी ट्रायलमधी होतं का?

ड्रेसिंगवाली_सिस्टर
दादा, जेलचं नंतर बघू, आधी सांगा अण्णांच्या त्या जागेवरचा भार काढलाय का? अंगठ्याखालची जखम म्हणजे प्रत्येक पावलाला सगळं वजन तिथंच येतं, आणि नसा बधिर असल्यामुळं दुखत नाही, मग माणूस शेतात, बाजारात सगळीकडं चालत राहतो. दरवर्षी कोजागिरीला तुळजापूरला अनवाणी चालत गेलेल्यांचे पाय बघते मी, फोड फुटून तळवा उघडा पडलेला असतो आणि माणूस म्हणतो काही होत नाही सिस्टर. रक्तपुरवठा बरा असेल आणि इन्फेक्शन नसेल तर गुडघ्याखालपर्यंत प्लास्टर घालतात, टोटल कॉन्टॅक्ट कास्ट म्हणतात त्याला, अख्ख्या तळव्याला टेकून बसतं त्यामुळं वजन वाटलं जातं. एमसीआर चप्पल, म्हणजे शुगरवाल्यांची मऊ रबराची चप्पल, चांगलीच, पण ती जखम भरल्यावर परत होऊ नये म्हणून.
आणि कडेचं घट्टं काढतात का बघा. ती पांढरी कडक कड ब्लेडनं ताजं लाल मांस दिसेपर्यंत तासावी लागते, मग बोथट सळई आत घालून हाडाला लागते का बघतात. लागली तर हाडापर्यंत इन्फेक्शन गेल्याची शंका, मग एक्स-रे, एमआरआय. हे न करता वरवर पट्टी बदलत राहिलं तर कुठलंही जेल लावा, काही उपयोग नाही.

मांजरेची_लेक
माझी आई पुण्यात अशा एका ट्रायलमधी होती. पहिले दोन आठवडे औषध दिलंच नाही, नुसतं ड्रेसिंग, साफसफाई आणि भार काढणं, कारण तेवढ्यानंच जखम भराभर आकसायली तर त्या माणसाला ट्रायलमधी घेत नाहीत. मग दर व्हिजिटला जखमेवर पारदर्शक प्लास्टिक ठेवून कड पेनानं आखून घ्यायचे, शेजारी पट्टी ठेवून फोटो. आईला ते आखणं फार आवडायचं, मागचा कागद मागून घेऊन दोन्ही एकावर एक धरून बघायची. ट्यूबवर नुसता नंबर, खरं औषध की साधं जेल ते डॉक्टरांनाही माहीत नव्हतं. जाण्यायेण्याचा खर्च मिळाला. आईची जखम भरली, औषधानं की काळजीनं ते सांगता येत नाही, पण इतकं नीट कुणी आधी बघितलंच नव्हतं एवढं खरं.

सर्जरी_रेसिडेंट
ताईंचं शेवटचं वाक्य आकड्यांतही दिसतं. एस्मोलॉल हे हृदयाचे ठोके कमी करायचं इंजेक्शन, त्याचं जेल करून भारतातल्या २७ सेंटरवर ट्रायल झाली, निकाल २०२३ मध्ये छापून आला. १२ आठवड्यांत जेलवाल्यांपैकी ६०.३ टक्के जणांची जखम बंद झाली, आणि फक्त नेहमीचे उपचार मिळाले त्यांच्यातही ४१.७ टक्के. म्हणजे अण्णा विनाजेलच्या गटात गेले तरी फसवणूक होत नाही, नीट केलेले नेहमीचे उपचार मिळतातच. पण अशा ट्रायलमध्ये रक्तपुरवठा फार कमी असलेले, हाडात इन्फेक्शन असलेले पेशंट बहुतेक वेळा घेत नाहीत, तेव्हा तो आकडा सगळ्यांना लागू नाही.
चुलत्यांना सांगा, ट्रायल सीटीआरआय या सरकारी रजिस्टरमध्ये नोंदवावीच लागते, २००९ पासून बंधनकारक आहे, वेबसाइटवर कुणालाही फुकट बघता येते. डॉक्टरांकडून नंबर घ्या. २०१९ च्या नियमांप्रमाणे ट्रायलमुळं इजा झाली तर उपचार आणि भरपाई द्यावी लागते, आणि मधेच कधीही बाहेर पडता येतं, पुढचे उपचार बंद करता येत नाहीत.

भूमिपुत्र_बीड
एवढं कशाला, ओव्याच्या पानाचा रस लावा की. तैवानमधी त्याच पानापासून औषध केलंय म्हणतात.

सर्जरी_रेसिडेंट
दादा, औषध खरंच आहे, ओव्याचं पान आणि मंडूकपर्णी या दोन वनस्पतींच्या अर्कांचं क्रीम. २३६ जणांवरच्या ट्रायलमध्ये १६ आठवड्यांत ६०.७ टक्क्यांची जखम भरली, साध्या शोषक ड्रेसिंगवर ३५.१ टक्क्यांची. पण ते शुद्ध केलेले, मोजून घेतलेले अर्क आहेत. अंगणातल्या कुंडीतलं पान चुरगळून उघड्या जखमेत कोंबलं तर मातीतले जंतू आत जातात, कृपा करून हे कुणीही करू नका.

गोदाकाठचा
सगळ्यांचे आभार. सिस्टर, तुमचं वाचून डॉक्टरांना भार काढण्याचं विचारलं, तर ते म्हणले आधी पायाचा डॉपलर करू, रक्त बरं जात असेल तर कास्ट घालू, महिन्यात जखम निम्मी झाली नाही तरच ट्रायलचं बोलू. चुलत्यांना रजिस्टरचं पान मोबाइलवर दाखवलं, ते आता सोबत यायला तयार झालेत. डॉपलरमधी काय बघायचं असतं?

सर्जरी_रेसिडेंट
घोटा आणि दंड यांच्या बीपीचं गुणोत्तर काढतात, पण शुगरवाल्यांच्या धमन्या बऱ्याचदा कॅल्शियमनं कडक झालेल्या असतात, त्यामुळं आकडा उगीच चांगला येऊ शकतो. पायाच्या अंगठ्याचं प्रेशरही मोजायला सांगा. कास्ट घातल्यावर वास आला, ताप आला, शुगर एकाएकी वाढली किंवा बोटं काळीनिळी दिसली तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी जाऊन कास्ट काढून घ्या, कारण अण्णांना दुखून कळणार नाही.

ड्रेसिंगवाली_सिस्टर
आणि डावा पायही रोज रात्री बॅटरी लावून तळव्यापर्यंत बघत जा, सगळा भार आता त्याच्यावर येणार.