मदत हवी आहे : मावशीच्या एमआरआयमध्ये ‘रिस्ट्रिक्टेड डिफ्युजन’ आलंय, गाठ कॅन्सरची समजायची का?

नमस्कार मंडळी,

माझी मावशी (वय ४६) बरेच महिने डाव्या गालात करंट बसल्यासारखी कळ येते म्हणून दातांच्या डॉक्टरांकडे खेटे घालत होती. एक दाढ काढून झाली, कळ तशीच. शेवटी न्यूरॉलॉजिस्टनी एमआरआय सांगितला. रिपोर्टप्रमाणे डाव्या सीपी अँगलमध्ये (लहान मेंदू आणि मेंदूच्या देठामधला कोपरा), मेंदूच्या बाहेरून, ३ सेंटिमीटरची गाठ आहे. टी१, टी२ या एमआरआय चित्रांवर पाण्यासारखी, फ्लेअरवर (साधं पाणी काळं दाखवणारं चित्र) पूर्ण काळी होत नाही, कॉन्ट्रास्ट घेत नाही आणि ‘डिफ्युजनवर ब्राइट’ (पाण्याचे रेणू किती मोकळे फिरतात ते दाखवणारं चित्र).

मावसभावाने नेटवर वाचलं : डिफ्युजन अडलं म्हणजे पेशी दाट, पेशी दाट म्हणजे कॅन्सर. तेव्हापासून घरात कोणी धड जेवलेलं नाही. सर्जनची वेळ गुरुवारची आहे. हा नियम खरा आहे का? एडीसीचा आकडा (पाणी किती मोकळं फिरतं त्याचं माप) रिपोर्टात नाही, तो मागून घ्यावा का? बायप्सी करतील का?

प्रतिसाद १

रेडिओलॉजीत आहे. स्कॅन न बघता निदान सांगत नाही, पण तुम्ही दिलेलं वर्णन एपिडर्मॉइड सिस्टचं वाटतं. ती कॅन्सर नसते. आत केराटिन (त्वचेतलं प्रथिन) आणि कोलेस्टेरॉलचे थर साठत जातात, त्यात पाण्याच्या रेणूंना मोकळं फिरता येत नाही, म्हणून डिफ्युजनवर ती लख्ख दिसते. त्याच जागी अॅरॅक्नॉइड सिस्ट असती तर आत नुसतं पाणी, म्हणजे डिफ्युजनवर काळी. या दोघींत फरक करायला डिफ्युजनइतकं कामाचं दुसरं काही नाही.

भावाने वाचलंय ते घन गाठींबद्दल. लहान मुलांमध्ये लहान मेंदूतल्या (सेरेबेलम) गाठींत मेड्युलोब्लास्टोमाचा (कॅन्सर) एडीसी कमी येतो, पायलोसायटिक अॅस्ट्रोसायटोमाचा (बहुधा साधी गाठ) जास्त. तिथे हा हिशोब बराच जुळतो. लिम्फोमातही (पांढऱ्या पेशींचा कॅन्सर) एडीसी कमी. पण मेंदूतल्या गळवातला पू सुद्धा डिफ्युजनवर पांढरा दिसतो, आणि मेनिन्जिओमात (मेंदूच्या आवरणाची गाठ) साध्या व त्रासदायक प्रकारांचे आकडे एकमेकांत मिसळतात. ग्लायोमाचं (मेंदूच्या आधारपेशींची गाठ) तर २०२१ च्या डब्ल्यूएचओ वर्गीकरणानंतर आयडीएच (गाठीतल्या एका जनुकातला बदल) वगैरे तपासण्यांशिवाय नावच ठरत नाही. नुसत्या आकड्यावर साधी की कॅन्सरची, हे कोणी सांगत असेल तर ऐकू नका.

एडीसी जरूर विचारा. टी२ वर जे उजळ असतं ते डिफ्युजनच्या चित्रातही उजळ उतरतं, त्यामुळे शेजारी एडीसी मॅप ठेवूनच वाचायचं असतं. मेंदूभोवतीच्या पाण्यात तो ३ च्या आसपास, मेंदूत ०.८ च्या आसपास (दर सेकंदाला चौरस मिलिमीटरचे हजारावे भाग). एपिडर्मॉइडचा बहुधा मेंदूच्या जवळपास असतो.

प्रतिसाद २

आमच्याकडे वहिनीला हेच होतं, म्हणून दोन गोष्टी. फिल्मवर भागवू नका, सेंटरकडून सीडी मागा. एडीसी मोजायचा तर मूळ इमेज लागतात. आणि गालातली कळ त्याच गाठीमुळे असू शकते, पाचव्या नसेवर (चेहऱ्याची संवेदना नेणारी) दाब येतो, हे सर्जनना आठवणीने विचारा. दाढेबद्दल वाईट वाटलं, वहिनीच्या दोन गेल्या.

धागाकर्ता

खूप आभार, आईला दोन्ही प्रतिसाद वाचून दाखवले. कॅन्सर नसेल तर मग ऑपरेशन कशाला? आणि फिल्मचे फोटो इथे टाकू का?

प्रतिसाद १

फोटो नको, त्यावर मावशींचं नाव आणि नंबर असतो. मोबाईलच्या फोटोवरून मी काही सांगणारही नाही. ऑपरेशन नसेवरच्या दाबासाठी. अशी गाठ दिसली की सहसा आधी वेगळी बायप्सी करत नाहीत, काढलेला भागच पॅथॉलॉजीला जातो. तिचं आवरण नसांना चिकटलेलं असतं, म्हणून कधी थोडं मागे ठेवावं लागतं आणि ते हळूहळू वाढू शकतं. किती ठेवावं लागेल, ऐकू येण्यावर आणि चेहऱ्याच्या हालचालीवर काय परिणाम होईल, हे गुरुवारी विचारा. पुढचे स्कॅनही डिफ्युजनसकटच करा, उरलेला तुकडा त्यातच नीट दिसतो.