साथीच्या मॉडेलमध्ये माणसांची भीती कशी बसवायची? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, एमएस्सी स्टॅटिस्टिक्सच्या प्रोजेक्टवर अडलोय. साथ कशी पसरते याचं गणिती मॉडेल नेहमीचंच, केरमॅक-मॅकेंड्रिक या दोघांचं १९२७ सालचं. त्यात लोकांचे तीन गट: लागण होऊ शकणारे, लागण झालेले, आणि बरे झालेले किंवा गेलेले. गंमत म्हणजे त्यांनी ते ताडून पाहिलं आपल्याच मुंबईतल्या १९०५-०६ च्या प्लेगमृत्यूंच्या आकड्यांवर!

घोडं पेंड खातंय ते बीटापाशी, म्हणजे संसर्गाच्या दरापाशी. साधं मॉडेल तो स्थिर धरतं. आमच्या लालबागच्या चाळीत २०२० मध्ये एक काका गेले, त्या दिवशी गॅलरीतली सगळी दारं बंद, भाजीच्या पिशव्या दोरीने वर. पंधरा दिवसांत मास्क हनुवटीवर आणि जिन्याखाली पुन्हा कॅरम. वरच्या मजल्यावरच्या आजी मात्र पहिल्यापासून ठाम: "मी काढा घेते, मला काय होतंय!"

सध्या बीटा मागच्या १४ दिवसांतल्या मृत्यूंशी जोडलाय; मृत्यू वाढले की तो उतरतो. त्यामुळे साथीच्या आलेखात एका शिखराऐवजी पठार किंवा लाटा येतात, ते पटतं. पण आजींचं काय? घाबरणारे आणि न घाबरणारे असे दोन गट करू, की समजूतही रोगासारखी पसरते असं धरून वेगळं समीकरण मांडू? तसं केलं की पॅरामीटर (आकड्यांवरून शोधायच्या अज्ञात संख्या) इतके वाढतात की नुसत्या मृत्यूंवरून ते सुटे काढता येत नाहीत. कोड दर वेळी नवंच उत्तर देतो.

भीतीचं माप म्हणून मोबाइलवरून मिळणारा लोकांच्या ये-जा करण्याचा डेटा चालेल का? कोणी केलंय असं काम? सर म्हणतात, बीटा स्थिर ठेव, मार्क मिळतील.