मदत हवी आहे : पात्राचा पूर्वेतिहास वाचकाला केव्हा आणि किती सांगावा?

नमस्कार. मी एक दीर्घकथा लिहीत असून नायिकेच्या पूर्वेतिहासापाशी लेखन अडले आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

धाकटा भाऊ वाटणीपत्र घेऊन येतो. नायिका ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचते, पेनाचे टोपण काढते आणि सही न करताच ते पुन्हा लावते. ऐन तारुण्यात, विश्वासातल्या एका नातेवाइकाने तिची सही कोऱ्या कागदावर घेतली होती आणि त्यातून तिचे शिक्षण सुटले होते, हे भावाला ठाऊक नाही. हा भूतकाळ आरंभीच सांगितला, तर टोपणाच्या प्रसंगातले कुतूहल संपते; फार लांबवला, तर नायिका विनाकारण हटवादी वाटते आणि वाचकाची सहानुभूती भावाकडे झुकते.

यासंदर्भात दोन जुनी उदाहरणे मला सतत आठवतात. प्राचीन ग्रीक नाटककार सोफोक्लीसच्या ईडिपस राजावरील नाटकात आधीच्या राजाचा खून पडदा उघडण्याच्या कितीतरी आधी झालेला असतो आणि वर्तमानातला तपासच तो भूतकाळ एकेका साक्षीतून खेचून काढतो. त्यामुळे तिथे पूर्वकथा सांगण्यासाठी कथानक थांबवावे लागत नाही. महाभारतात मात्र कर्णाचे जन्मरहस्य आपल्याला आदिपर्वातच कळते, पांडवांना ते कुंतीच्या तोंडून कळते ते युद्ध संपल्यावर, आणि मधल्या प्रत्येक भेटीवर आपल्याला असलेल्या माहितीचे ओझे राहते. मला ही दुसरी वाट अधिक करुण वाटते, पण ती छोट्या आवाक्याच्या कथेला पेलेल का, याची खात्री वाटत नाही.

निवेदन तृतीयपुरुषी आहे. फ्लॅशबॅक शक्यतो टाळायचा आहे, आणि दोन्ही पात्रांना माहीत असलेली गोष्ट केवळ वाचकासाठी संवादात घालणे मला पटत नाही.

तेव्हा वाचकाला बहिणीच्या बाजूने सगळे आधी सांगावे, की भावाच्या अज्ञानात सहभागी करून घ्यावे? शिवाय त्या नातेवाइकाचे पुढे काय झाले, आईवडील त्या वेळी गप्प का राहिले, हे सारे मी स्वतःसाठी टिपून ठेवले आहे. त्यांतले आईवडिलांचे मौन तरी कथेत यावे असे मला मनापासून वाटते. ते नेमके कोणत्या प्रसंगाच्या आधाराने आणावे, हे कृपया आपल्या लेखनातील अनुभवासह सांगावे.