सीए फायनल ग्रुप १: ऑडिटमध्ये ३६ पडले, आता पुन्हा अभ्यास कुठून सुरू करावा?

हिशोबनीस

नव्या स्कीममध्ये ग्रुप १ दिला होता, राहिला. एफआर (फायनान्शियल रिपोर्टिंग) ४२, एएफएम (अ‍ॅडव्हान्स्ड फायनान्शियल मॅनेजमेंट) ६१, ऑडिट ३६, एकूण १३९. नोकरी सांभाळून रोज चारेक तास मिळतात, रविवारी थोडे जास्त. सगळे लेक्चर पुन्हा पहिल्यापासून बघायचे की नाही, इथेच गाडी अडली आहे. बघितले तर वेळ जाणार, नाही बघितले तर काहीतरी सुटेल अशी धास्ती.

नेमकं विचारायचं ते असं. एएफएमचं एक्झम्प्शन (पेपर पुन्हा न देण्याची सूट) धरून पुढच्या वेळी किती गुण लागतील? उत्तरपत्रिकेची प्रत मागवावी, की थेट व्हेरिफिकेशनला टाकावं? ऑडिटमध्ये एकही प्रश्न सोडला नव्हता, पानंही भरपूर भरली होती, तरी ३६ कसे? आणि ग्रुप २ सोबत द्यावा का?

ताळेबंद

आधी हिशोब मांडा, म्हणजे निम्मी धास्ती जाईल. ग्रुपचे तिन्ही पेपर दिले होते आणि एकात ६० च्या वर आहेत, म्हणून एएफएमचं एक्झम्प्शन लागू होतं. पुढच्या वेळी त्या पेपरला बसायचं नाही, पण ते ६१ गुण एकूण बेरजेत धरले जातात. ग्रुपला ३०० पैकी १५० लागतात. १५० वजा ६१ म्हणजे ८९. एफआर आणि ऑडिट मिळून ८९ हवेत आणि दोन्हींत किमान ४०. ४५ अधिक ४४ चालतील. ५० अधिक ३९ चालणार नाहीत, बेरीज तीच असली तरी. तुमचे आत्ताचे ४२ आणि ३६ मिळून ७८ होतात. अंतर ११ गुणांचं आहे. अकरा गुणांसाठी अख्खा कोर्स पुन्हा ऐकायची गरज नसते.

एक गोष्ट मात्र डोक्यात पक्की ठेवा. एक्झम्प्शन लगेच पुढच्या तीन परीक्षांपुरतंच असतं, तुम्ही त्यांना बसा किंवा बसू नका. फायनल आता जानेवारी, मे आणि सप्टेंबर अशी वर्षातून तीनदा होते, म्हणजे ही मुदत एका वर्षात संपते. पूर्वी वर्षाला दोन परीक्षा होत्या तेव्हा दीड वर्ष मिळायचं, आणि जुन्या मंडळींचा सल्ला अजून त्याच हिशोबाने येतो. मुदत संपल्यावर अर्ज करून एक्झम्प्शन कायमचं करून घेता येतं, पण मग ग्रुपच्या उरलेल्या प्रत्येक पेपरात ५० लागतात. ४० वर भागत असताना ५० च्या अटीत जाणं कोणालाही परवडत नाही. म्हणून "एक अटेम्प्ट सोडून निवांत तयारी करतो" हा विचार सोडा.

प्रत जरूर मागवा. व्हेरिफिकेशनमध्ये फक्त एखादं उत्तर तपासायचं राहिलं आहे का आणि बेरीज बरोबर आहे का, एवढंच बघतात. पुनर्मूल्यांकन होत नाही. बेरीज १४८-१४९ वर अडली असेल किंवा एखाद्या पेपरात ३९ असतील, तर टाकून बघायला हरकत नाही. १३९ वर त्यात जीव अडकवू नका. दोन्ही अर्जांची मुदत निकालापासून एक महिना असते आणि पुढच्या परीक्षेचा फॉर्मही त्याच सुमारास निघतो, त्यामुळे तारखा आजच बघून घ्या.

प्रत हातात आली की नुसती चाळून हळहळत बसू नका. प्रत्येक उपप्रश्नासमोर चारपैकी एक खूण करा: विषयच येत नव्हता, येत होता पण उत्तरात उतरला नाही, भलत्याच तरतुदीवर लिहिलं, वेळ संपला म्हणून घाईत उरकलं. शेजारी इन्स्टिट्यूटची (आयसीएआयची) सजेस्टेड आन्सर्स, म्हणजे नमुना उत्तरं, उघडी ठेवा आणि कोणत्या खुणेपाशी किती गुण गेले त्याची बेरीज करा. ३५ ते ४५ च्या पट्ट्यातल्या उत्तरपत्रिकांत बहुतेक वेळा दुसऱ्या आणि तिसऱ्या खुणेची बेरीज पहिलीपेक्षा मोठी निघते. लेक्चर पुन्हा बघून फक्त पहिल्या खुणेचे गुण परत येतात, म्हणून पहिली खूण पडलेल्या प्रकरणांचेच लेक्चर बघा. प्रत यायला वेळ लागतो. तोवर तोच पेपर घड्याळ लावून पुन्हा सोडवा आणि तसंच वर्गीकरण करा.

टिकमार्क

ऑडिटबद्दल लिहितो. पानं भरून ३६ पडणं हा या पेपरातला अगदी ठरलेला प्रकार आहे. प्रश्नात केस असते आणि उत्तरात विषयावरचं सामान्य ज्ञान लिहिलं जातं. परीक्षकासमोरच्या मुद्द्यांच्या यादीत ते नसतं, मग तीन पानांना पाचपैकी दीड गुण.

एक नमुना घ्या. कंपनीचं मोठं कर्ज थकलंय, बँकेने नूतनीकरण नाकारलंय, पण व्यवस्थापनाने हे सगळं नोट्समध्ये नीट उघड केलंय आणि गोइंग कन्सर्न (कंपनी पुढेही चालू राहील हे गृहीतक) धरून हिशोब करणं योग्यच आहे. ऑडिटरने काय करावं? ढिगाने मुलं "एम्फसिस ऑफ मॅटर" (एखाद्या नोटकडे लक्ष वेधणारा परिच्छेद) लिहून मोकळी होतात. एसए (स्टँडर्ड ऑन ऑडिटिंग) ५७० (रिव्हाइज्ड) प्रमाणे इथे ओपिनियन अनमॉडिफाइड, म्हणजे स्वच्छ, राहतं आणि अहवालात "मटेरियल अनसर्टन्टी रिलेटेड टू गोइंग कन्सर्न" हा वेगळा विभाग येतो. तीच माहिती नोट्समध्ये नीट उघड केलेली नसेल, तर परिस्थितीनुसार क्वालिफाइड (अमुक बाब सोडून बाकी बरोबर) किंवा प्रतिकूल म्हणजे अ‍ॅडव्हर्स. आणि गोइंग कन्सर्न धरणंच चुकीचं असेल, तर कितीही उघड केलं तरी अ‍ॅडव्हर्स. प्रश्नातलं एक वाक्य बदललं की उत्तर बदलतं, गुण त्या वाक्यालाच असतात. स्वच्छ नसलेल्या ओपिनियनच्या एसए ७०५ चंही तसंच. चूक मटेरियल (महत्त्वाची) आहे पण परव्हेसिव्ह (सगळ्या हिशोबांत पसरलेली) नाही, की दोन्ही आहे? पुरावा मिळाला पण चूक सापडली, की पुरावाच मिळाला नाही? या दोन प्रश्नांची उत्तरं आधी कच्च्या कागदावर लिहा, मगच ओपिनियनचं नाव लिहा.

मांडणी चार तुकड्यांत ठेवा: लागू होणारी तरतूद दोन-तीन ओळींत, मग केसमधली वस्तुस्थिती आपल्या शब्दांत एका ओळीत, मग दोन्हींची सांगड, शेवटी वेगळ्या ओळीत निष्कर्ष. सांगड हाच गुणांचा गाभा आणि नेमका तोच तुकडा गाळला जातो. एसएचा नंबर खात्रीचा नसेल तर लिहू नका. नंबराविना बरोबर तरतूद चालते, चुकीचा नंबर मात्र डोळ्यांत खुपतो.

प्रोफेशनल एथिक्सकडे आधी वळा, थोड्या अभ्यासात तिथे सर्वांत जास्त परतावा आहे. सीए अ‍ॅक्ट १९४९ ची दोन शेड्यूल्स, त्यांचे भाग आणि क्लॉज एका मोठ्या कागदावर लिहून काढा. आधीच्या ऑडिटरला लेखी न कळवता काम घेतलं की पहिल्या शेड्यूलच्या भाग १ मधला क्लॉज ८. नफ्याच्या टक्क्यावर फी ठरवली की त्याच भागातला क्लॉज १०. कामात निष्काळजीपणा झाला की दुसऱ्या शेड्यूलच्या भाग १ मधला क्लॉज ७. शेड्यूल, भाग, क्लॉज आणि "दोषी आहे की नाही" या चार गोष्टी उत्तरात असल्याच पाहिजेत. कॅरो २०२० (ऑडिट अहवालात काय काय सांगायचं त्याचा सरकारी आदेश) चे २१ क्लॉज असेच केसला जोडून करा, पाठांतर म्हणून करू नका.

आणि रोज दोन केस हाताने, पूर्ण वाक्यांत लिहा. वाचून "हे येतंय" वाटणं आणि नऊ मिनिटांत पाच गुणांचं उत्तर कागदावर उतरणं यांत फार फरक आहे.

अकरावा_क्लॉज

ग्रुप २ बद्दल बाकीच्यांपेक्षा माझं मत वेगळं असेल, पण आकडे बघून ठरवा. दोन्ही ग्रुप एकत्र दिले तर प्रत्येक पेपरात ४० आणि सहाही पेपर मिळून ६०० पैकी ३०० असं असलं तरी दोन्ही ग्रुप सुटतात. समजा एएफएमचे ६१, एफआर ४६, ऑडिट ४१, बेरीज १४८. एकट्या ग्रुप १ ला हा निकाल नापासचा. पण ग्रुप २ मध्ये डायरेक्ट टॅक्स ५२, इनडायरेक्ट टॅक्स ५८, आयबीएस (इंटिग्रेटेड बिझनेस सोल्यूशन्स) ५७ असे १६७ पडले, तर एकूण ३१५ होतात आणि दोन्ही सुटतात. एका ग्रुपची शिल्लक दुसऱ्याची तूट भरून काढते.

ताळेबंद

हिशोब बरोबर आहे, पण तो लागू पडायला ग्रुप २ ची तयारी आधीपासून झालेली हवी. निकाल लागल्यापासून पुढच्या परीक्षेला साधारण दोन महिनेच मिळतात. रोजच्या चार तासांप्रमाणे रविवार धरून अडीचशे ते पावणेतीनशे तास. दोन पेपरांना ते पुरून उरतात, पाच पेपरांना वाट्याला पन्नास-पन्नास येतात, आणि टॅक्सचे दोन्ही पेपर पन्नास तासांत नव्याने होत नाहीत. शिवाय कुठल्याही एका पेपरात ४० च्या खाली गेलात की ही भरपाई मिळतच नाही. हिशोबनीस यांच्या बाबतीत एक्झम्प्शनचं घड्याळही चालू आहे. टॅक्सचं पहिलं वाचन आणि लेखी सराव झालेला असेल तरच दोन्ही द्या, नाहीतर फक्त ग्रुप १.

हिशोबनीस

टॅक्सचं वाचन अर्धवटच आहे, म्हणजे फक्त ग्रुप १. एफआरच्या ४२ बद्दल कोणी सांगेल का? बेरजा जमतात, पण शेवटचं उत्तर जुळत नाही आणि वेळ पुरत नाही.

वर्किंग_नोट

आधी वेळ. तीन तासांत ३० गुणांचे एमसीक्यू आणि ७० चं वर्णनात्मक. पहिला प्रश्न सक्तीचा, उरलेल्या पाचातले चार, प्रत्येकी १४ गुण. एमसीक्यूला ४५ मिनिटं दिली तर १३५ उरतात, म्हणजे १४ गुणांना २७ मिनिटं. २७ झाली की अर्धी जागा सोडून पुढच्या प्रश्नाकडे जा, मन कितीही ओढलं तरी. शेवटचा प्रश्न कोरा राहण्यात जितके गुण जातात, तितके आधीच्या प्रश्नाचा ताळेबंद जुळवून परत मिळत नाहीत. एमसीक्यूला फायनलमध्ये निगेटिव्ह मार्किंग नाही, एकही रिकामा ठेवू नका. सुरुवातीच्या १५ मिनिटांच्या वाचनवेळेत कोणता प्रश्न सोडायचा ते ठरवून टाका.

आता न जुळणारं उत्तर. एफआरमध्ये गुण टप्प्यांना असतात, पण टप्पा दिसला तर. वर्किंग नोटला क्रमांक द्या आणि मुख्य उत्तरात त्याच क्रमांकाचा उल्लेख करा. पहिल्या पायरीला आकडा चुकला तरी पुढची पद्धत बरोबर आहे हे मग परीक्षकाला दिसतं. कॅल्क्युलेटरवर उरकून नुसता शेवटचा आकडा लिहिला, तर चुकीच्या आकड्याला शून्य.

शिवाय प्रत्येक प्रकारच्या प्रश्नात स्वतःची पडताळणी शिका. उदाहरणार्थ इंड एएस (भारतीय लेखा मानक) ३२ मधले कन्व्हर्टिबल डिबेंचर, म्हणजे पुढे शेअरमध्ये बदलता येणारं कर्ज: १०,००,००० रुपये, ३ वर्षं, कूपन ६ टक्के, रूपांतराचा हक्क नसलेल्या तशाच कर्जाचा बाजारदर ९ टक्के. मुद्दल १०,००,००० गुणिले ०.७७२२ म्हणजे ७,७२,२००. व्याज ६०,००० गुणिले २.५३१३ म्हणजे १,५१,८७८. दायित्वाचा भाग ९,२४,०७८, उरलेले ७५,९२२ इक्विटीचे. चुकून ६ टक्क्यांनी डिस्काउंट केलं तर दायित्व बरोब्बर १०,००,००० येतं आणि इक्विटी शून्य. इक्विटी शून्याच्या आसपास आली की दर चुकला, एवढं लक्षात ठेवलं तर चूक वीस सेकंदांत सापडते.

कन्सॉलिडेशनला (समूहाच्या एकत्रित हिशोबाला) क्रम कधी बदलू नका: अ‍ॅक्विझिशनच्या तारखेची नेट अ‍ॅसेट्स, मग एनसीआय (उपकंपनीतल्या इतर भागधारकांचा हिस्सा), मग गुडविल, मग नंतरचा नफा, शेवटी इंटरकंपनी नोंदी. एनसीआय फेअर व्हॅल्यूने की प्रमाणात, हे प्रश्नात कुठे लिहिलंय ते आधी अधोरेखित करा. गुडविल जुळत नाही त्याचं कारण पुष्कळदा तिथेच असतं.

दोन महिन्यांत एफआरला दिवसाआड दोन तास, ऑडिटला रोज दीड, उरलेला वेळ जुन्या चुकांच्या वहीला. शेवटच्या तीन आठवड्यांत आरटीपी (रिव्हिजन टेस्ट पेपर) आणि दोन्ही मॉक टेस्ट पेपर पूर्ण तीन तास बसून सोडवा, शक्यतो दुपारी २ ते ५, कारण परीक्षा त्याच वेळेला असते. आणि तुमच्या अटेम्प्टला कोणत्या दुरुस्त्या लागू आहेत ते बोर्ड ऑफ स्टडीजच्या पानावरून बघून घ्या, मागच्या वेळच्या नोट्स तशाच उघडू नका.