सुवोनकडे की चांगवोनला? कोरियात शहर कसं ठरवायचं

विषय: ई-७ (कुशल नोकरीचा) व्हिसा, दोन शहरं (रांजणगावहून)

नमस्कार मंडळी,
दोन ऑफर हातात आहेत. एक चांगवोनला, घरगुती उपकरणांच्या कारखान्याला सुटे भाग पुरवणाऱ्या कंपनीत, क्वालिटीचं काम. दुसरी सुवोनच्या खाली दोंगथानला, सेमीकंडक्टरच्या यंत्रांची देखभाल. दोंगथानचा पगार महिन्याला ३ लाख वॉनने जास्त आहे. बायको आणि ४ वर्षांची मुलगी सहा महिन्यांनी येतील. घराचं डिपॉझिट दोन्हीकडे स्वतःचं. सगळे सांगतात की सोलच्या जवळ राहा. नेमकं काय बघून ठरवू?

उत्तर (सुवोन, योंगथोंग)

नमस्कार,
शहराचं नंतर बघू. आधी दोन्ही कंपन्यांकडून रोज ज्या गेटमधून आत जायचं आहे त्याचा पत्ता लेखी मागा. ऑफर लेटरवर ऑफिसचा पत्ता असतो आणि देखभालीची माणसं ग्राहकाच्या कारखान्यात बसतात. तो कारखाना ह्वासंगला असेल, प्यंगथेकला असेल, नाहीतर इचनला. नकाशावर ही गावं शेजारी दिसतात, पण एका गावात राहून दुसऱ्यात पहाटेची पाळी धरायची म्हणजे गाडी लागते.

दुसरा प्रश्न थोंगगुन बसचा, म्हणजे कंपनीच्या कामगार-बसचा. तिचे थांबे कुठे आहेत आणि पुरवठादार कंपनीच्या माणसाला तीत बसू देतात का, हे विचारा. बऱ्याच ठिकाणी देत नाहीत. देत असतील तर घर थांब्यापासून चालत दहा मिनिटांत घ्या.

सोल जवळ असण्याचं म्हणाल, तर दोंगथान ते सोलमधलं सुसो ही जलद रेल्वे, जीटीएक्स-ए, २०२४च्या मार्चमध्ये सुरू झाली. वीसेक मिनिटं लागतात, तिकीट ४,४५० वॉन. पण तुमचं काम दोंगथानकडेच असेल तर सोल हे रविवारचं गाव. रविवारसाठी रोजचं भाडं वाढवून घेऊ नका.

आता भाडं. नावेर, चिकबांग, दाबांग या ॲपवर जाहिरातीत नुसतं १०००/६० असं दिसेल. कोरियन लोक पैसे दहा हजारांच्या गठ्ठ्याने मोजतात. म्हणजे १००० म्हणजे १ कोटी वॉन डिपॉझिट आणि ६० म्हणजे महिन्याला ६ लाख भाडं. आपल्याला लाख-कोटींची सवय असल्याने हे पटकन बसतं. चार शून्यं वाढवायची की झालं. शिवाय क्वाल्लीबी, म्हणजे मेंटेनन्स, वेगळं असतं. कमी भाडं दाखवून क्वाल्लीबी फुगवतात, म्हणून त्यात पाणी, इंटरनेट, गॅस काय काय धरलंय ते विचाराच.

तिघांसाठी दोन खोल्यांचं बरं घर दोंगथानला साधारण ३०००/१२०च्या आसपास आणि चांगवोनला २०००/७०च्या आसपास दिसतं. गल्लीगणिक बदलतं, तरी फरक बघा: भाड्यातच महिन्याला ५ लाख. वरचे ३ लाख त्यातच गेले. डिपॉझिट वाढवलं तर भाडं उतरतं. १ कोटीमागे साधारण ५० हजार वॉन.

उत्तर (चांगवोन, सोंगसान-गु)

दादा, वरचा हिशेब बरोबर आहे, पण चांगवोनची दुसरी बाजूही बघा. इथे मेट्रो नाही. २०१०मध्ये चांगवोन, मासान आणि जिनहे एकत्र करून हे शहर झालं, म्हणून "चांगवोनमध्ये घर आहे" एवढ्याने काहीच कळत नाही. मोठा उपकरण-कारखाना सोंगसान-गु या प्रभागात, गाउमजंग-दोंग या वस्तीत आहे. जिनहेत स्वस्त घर घेतलंत तर डोंगराच्या पलीकडून यावं लागेल. सांगनाम-दोंग बाजाराचं ठिकाण, रात्री उशिरापर्यंत गजबज. लेकरू असेल तर त्याला लागून असलेल्या निवांत गल्ल्या बघा.

दुसरी पाळी रात्री उशिरा सुटत असेल तर सिटी बसवर विसंबू नका. आधी पाळी विचारा, मग घर बघा. सायकलच्या अंतरावर घर मिळालं तर बरंच काही सुटतं. रस्ते रुंद आणि सपाट आहेत आणि शहराची भाड्याची सायकल, नुबिजा, जागोजागी मिळते.

डाळ-तांदळाची काळजी नको. जिथे नेपाळी, श्रीलंकन, बांगलादेशी कामगार राहतात तिथे आपला किराणा मिळतोच. इथून शेजारच्या किम्हे शहरातल्या दोंगसांग-दोंगला जा. तूरडाळ, हिंग, बेसन, कणीक, सगळं आहे. तिकडे सुवोन स्टेशनसमोरही अशी दुकानं आहेत. या बाबतीत दोन्ही शहरं सारखीच.

इमिग्रेशन ऑफिस इथलं मासानच्या बंदराजवळ आहे. परदेशी नोंदणी आल्यापासून ९० दिवसांत करायची, आणि हायकोरिया या इमिग्रेशनच्या वेबसाइटवर वेळ आरक्षित केल्याशिवाय जाऊन उपयोग नाही. विमानातून उतरल्यावर पहिल्याच आठवड्यात वेळ घ्या. कार्ड हातात येईपर्यंत बँक आणि मोबाईलची कामं अडतात.

मुलीसाठी ओरिनिजिप, म्हणजे पाळणाघर, किंवा युचीवोन, म्हणजे बालवाडी. कोरियन मुलांना मिळणारं सरकारी अनुदान परदेशी मुलांना आपोआप मिळत नाही. काही प्रांत आणि शहरं आपल्या पैशातून मदत देतात, काही देत नाहीत. त्यामुळे दोन्ही सिटी हॉलना फोन लावून विचारा. फी महिन्याची असते, वर्षभरात मोठी रक्कम होते. आणि वहिनींना नोकरी करायची असेल तर हेही धरा की एफ-३ (सोबत येणाऱ्या कुटुंबाच्या) व्हिसावर कामाची मुभा आपोआप नसते.

एक गोष्ट लोक चुकीची सांगतात, म्हणून लिहिते. "छोट्या शहरात राहिलं की एफ-२-आर हा निवासी व्हिसा लवकर मिळतो." तो लोकसंख्या घटणाऱ्या, यादीत असलेल्या भागांसाठीच आहे. चांगवोन त्या यादीत नाही. शेजारचे हामान, चांगन्यंग, मिऱ्यांग आहेत, पण तिथे खरोखर राहावं लागतं, नुसता पत्ता चालत नाही.

उत्तर (बुसान)

शहर कुठलंही घ्या, डिपॉझिट बुडालं तर सगळा हिशेब वाया. २०२२-२३मध्ये इंचनच्या मिछुहोलमध्ये शेकडो भाडेकरूंचं हेच झालं, म्हणून हे नीट वाचा.

सही करण्याआधी त्याच दिवशीचा तुंगीबू, म्हणजे नोंदणी उतारा, काढा. ऑनलाइन बघायला ७०० वॉन पडतात. तो आपल्या सात-बारासारखा वाचायचा: पहिल्या भागात जागेचं वर्णन, दुसऱ्यात मालक, तिसऱ्यात बोजा. करारावर सही करणारा माणूस आणि दुसऱ्या भागातला मालक एकच हवा. तिसऱ्या भागात बँकेचं कर्ज असेल तर ते अधिक तुमचं डिपॉझिट, ही बेरीज घराच्या किमतीच्या सात दशांशाच्या वर जात असेल तर ते घर सोडा.

घरात शिरल्यावर १५ दिवसांची मुदत आहे, पण थांबू नका. त्याच दिवशी राहत्या पत्त्याची नोंद करा आणि करारावर ह्वाकचंग-इल्चा, म्हणजे तारखेचा शिक्का, घ्या. भाडेकरूचं संरक्षण शिरकाव आणि नोंदीच्या दुसऱ्या दिवशी मध्यरात्री शून्य वाजल्यापासून लागू होतं. मालकाने मधल्या काही तासांत कर्ज काढलं तर बँक तुमच्या पुढे जाते. म्हणून करारात खास अट लिहून घ्या: रक्कम चुकती केल्याच्या दुसऱ्या दिवसापर्यंत नवा बोजा चढवणार नाही.

ऑफिसटेलचा, म्हणजे ऑफिस आणि घर दोन्हींसाठी वापरता येणाऱ्या गाळ्याचा, मालक "पत्त्याची नोंद करू नका" म्हणाला तर लगेच उठा. कराची सवलत जाऊ नये म्हणून तो तसं म्हणतो, पण नोंद नसली की तुमच्याकडे संरक्षण उरत नाही. अर्ध-तळघर, बानजिहा, स्वस्त म्हणून घेऊ नका. २०२२च्या ऑगस्टमध्ये सोलच्या ग्वानाकमध्ये अशाच घरात पाणी शिरून माणसं दगावली. आणि पाणी नाही शिरलं तरी जुलैच्या पावसाळ्यात भिंतीला बुरशी येतेच.

दलालीचंही सांगतो. भाडं गुणिले शंभर, त्यात डिपॉझिट मिळवायचं. २०००/७०ला ते होतं ९ कोटी. ५ ते १० कोटींमध्ये दर ०.४ टक्के, पण कमाल मर्यादा ३ लाख वॉन. ३०००/१२०ला होतात १५ कोटी, दर ०.३ टक्के, म्हणजे साडेचार लाख. यापेक्षा जास्त मागितली तर दलालाच्या दुकानात टांगलेला दरांचा तक्ता दाखवा.

उत्तर (रांजणगावहून)

मंडळी, मनापासून आभार. गेटचा पत्ता मागितला. दोंगथानला फक्त ऑफिस आहे, काम प्यंगथेकच्या गोदकमध्ये, चार पाळ्यांत. कामगार-बस फक्त ग्राहक कंपनीच्या लोकांना. चांगवोनची कंपनी दिवसपाळीच देते, गेट गाउमजंगपासून सायकलवर पंधरा मिनिटं.

उत्तर (सुवोन, योंगथोंग)

मग दोंगथान विसरा. ती नोकरी घेतलीत तर घर प्यंगथेकमध्येच, गोदक किंवा जिजे स्टेशनजवळ. जिजेहून एसआरटी या वेगवान रेल्वेने सुसो वीसेक मिनिटांवर आहे. आंजंग-रीकडे जाऊ नका. तिथली भाडी अमेरिकन लष्करी तळाच्या लोकांच्या हिशेबाची असतात. आणि करारात कामाचं ठिकाण प्यंगथेक असं लिहून घ्या. व्हिसाच्या कागदांवर एक जागा आणि काम दुसरीकडे असेल तर मुदतवाढीच्या वेळी अडचण तुम्हालाच येईल. चार पाळ्या आणि चार वर्षांची मुलगी हे दोन्ही धरलं, तर मी चांगवोन घेईन.