वाइन शॉपसमोर रोज रात्री ओपन बार, करायचं काय?

गल्लीत वाइन शॉप आहे, आठ वाजले की पोरं क्वार्टर घेऊन शेजारच्या भुर्जीच्या गाडीवर, गाडीवाला ग्लास नि चकणा पुरवतो, सकाळी आई फुलं तोडायला गेली की कुंपणाशी फुटक्या बाटल्या. काय करता येईल?

– दरवेळी 112 ला फोन करा. आमच्याकडे पिणारे अर्ध्या तासात परत यायचे, तरी फोन करणं सोडलं नाही.

– एकटे भांडायला जाऊ नका राव! गाडीवाल्याला धरा, दारूबंदी कायद्यात प्यायला बसवणाऱ्यावर कलम 68, पिणाऱ्यावर 84.

– दुकानच नको असेल तर बाटली आडवी करा, म्हणजे मतदानाने दुकान बंद पाडा. वॉर्डातल्या 25 टक्के महिला मतदारांच्या सह्या, मग मतदान, पण निम्म्याहून जास्त मतं एकूण महिला मतदारांच्या हिशोबाने लागतात, आलेल्यांच्या नाही, आम्ही तिथेच आपटलो.